ठाणे-नवी मुंबईतली ठिकाणं नावावरून शोधायची आहेत. पोस्टग्रेस पुरेल का?

खाडीकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी,

नौपाड्यात आम्ही काही जण मिळून रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतो. व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड, कमोड खुर्ची असं सामान अनामत घेऊन वापरायला देतो. ज्यांना येऊन नेता येत नाही त्यांच्याकडे टेम्पोने पोचवतो, दिवा-मुंब्र्यापासून थेट उलव्यापर्यंत. फोन घेणारे सगळे निवृत्त काका-काकू. पलीकडून पत्ता येतो तो असा: "कोपरखैरण्याला तीन टाकीपाशी", "माजिवड्यात, गोल्डन डाइजच्या अलीकडे", "सेक्टर दहा". कुठला सेक्टर दहा, ते सांगायच्या आत फोन कट.

ऐकू येईल ते कुणी मराठीत टंकतं, कुणी इंग्रजीत. त्यावरून नकाशावर ठिपका पडावा आणि तो टेम्पोच्या कुठल्या फेरीत बसतो ते कळावं, एवढीच गरज. सध्या एक विकतची नकाशा सेवा वापरतो. बिल येतं ते येतंच, पण मुख्य अडचण ही की तिच्याकडून मिळालेले अक्षांश-रेखांश आपल्याकडे कायमचे साठवायला अटींत परवानगी नाही. म्हणजे तीच तीन टाकी दर वेळी नव्याने विचारायची.

सामानाच्या नोंदी आधीपासून पोस्टग्रेस या डेटाबेसात आहेत. त्यावर पोस्टजीआयएस, म्हणजे नकाशावरच्या आकृत्या साठवणारी जोड, चढवलं आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचा पश्चिम विभागाचा डेटा जिओफाब्रिक या साइटवरून उतरवलाय.

प्रश्न असा: नावावरून ठिकाण शोधणारं इंजिन निव्वळ या रिलेशनल डेटाबेसवर उभं राहील, की इलॅस्टिकसर्चसारखं वेगळं शोध-इंजिन लागेलच? कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

बाष्कळ
"नितीन कंपनी" नाका शोधून दाखवा, मग पुढचं बोलू.

निवांत
कशाला डोक्याला ताप? फोन करणाऱ्याला म्हणावं व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठव. काम खल्लास.

खाडीकाठ
@निवांत, फोन करणाऱ्या बहुतेक आज्या असतात आणि लँडलाइनवरून करतात. पाठवलं तरी कधीकधी लोकेशन येतं अमेरिकेतल्या मुलाचं. :)

ऋचा_को
नक्की होईल. ओपनस्ट्रीटमॅपचा स्वतःचा शोध, नॉमिनाटिम, पोस्टग्रेस आणि पोस्टजीआयएसवरच चालतो आणि तो अख्ख्या जगाची नावं सांभाळतो. तुम्हाला तर खाडीच्या दोन काठांपुरतंच हवंय. मात्र नॉमिनाटिम जसाच्या तसा घेऊ नका. घर क्रमांक, रस्ता, गाव अशा शिस्तीतल्या पत्त्यांसाठी त्याची बांधणी आहे. "तीन टाकीपाशी" म्हटलं की तो हात वर करील.

ठिकाण आणि नाव यांची टेबलं वेगळी ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. एका ओळीत एक ठिकाण आणि त्याच ओळीत "मराठी नाव", "इंग्रजी नाव" असे दोन रकाने केलेत की महिन्याभरात "दुसरं इंग्रजी नाव" असा रकाना वाढवायला लागाल. ठिकाणाच्या टेबलात प्रकार (नोड म्हणजे वाशी-नेरूळसारखं उपनगर, सेक्टर, गावठाण, स्थानक, नाका, इमारत), आकृती आणि ते कोणाच्या पोटात आहे ते. नावांच्या टेबलात ठिकाणाचा क्रमांक, नाव, लिपी, नावाचा प्रकार (पाटीवरचं, बोलण्यातलं, जुनं, बसथांब्याचं) आणि शोधासाठी घासूनपुसून सपाट केलेलं रूप. कोपरखैरणेची दहा स्पेलिंगं असतील तर दहा ओळी, ठिकाण एकच.

चुकीच्या स्पेलिंगसाठी पीजी-ट्रायग्रॅम नावाचं एक्स्टेंशन पोस्टग्रेससोबतच येतं. ते शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडतं, सुरुवातीला दोन आणि शेवटी एक मोकळी जागा धरून, आणि दोन शब्दांत किती तुकडे सामाईक आहेत ते मोजतं. उदाहरणार्थ "उरण" आणि "उरन". दोघांचे चार-चार तुकडे, त्यांतले दोन सामाईक, एकूण वेगळे सहा. साम्य दोन भागिले सहा, म्हणजे ०.३३. मुळातला उंबरठा ०.३ आहे, म्हणजे उरण जेमतेम आत आलं. छोट्या नावांत एक अक्षर चुकलं तरी साम्य धाडकन पडतं, त्यामुळे नुसत्या ट्रायग्रॅमवर विसंबू नका. आधी सपाट केलेलं रूप तंतोतंत जुळतंय का ते बघा, मग सुरुवात जुळतेय का, आणि काहीच नाही जमलं तर ट्रायग्रॅम.

एक खाचखळगा: डेटाबेस तयार करताना लोकेल (भाषेची सेटिंग) "सी" ठेवलं असेल तर पीजी-ट्रायग्रॅमला देवनागरी अक्षरं अक्षरं वाटतच नाहीत. तुकडे पाडायला सांगितलेत की रिकामा कंस परत देतो. आधी ते तपासा.

पारसिकचा_बोगदा
ऋचाताईंना +१. दोन टेबलांचं तर फ्रेम करून लावा.

रबर_बँड
थोडा विरोधी सूर लावतो. नोकरीत हेच करतो म्हणून बोलतोय.

शोध हे शोध-इंजिनाचं काम आहे. इलॅस्टिकसर्चमध्ये शब्द टंकता टंकता सूचना देणं, समानार्थी नावांची यादी, भारतीय लिप्यांसाठीचं नॉर्मलायझेशन, सगळं तयार मिळतं. ठिकाण जितकं लांब तितके गुण कमी करणारं फंक्शनही तयार आहे. ओपनस्ट्रीटमॅपच्याच डेटावर चालणारा फोटॉनसुद्धा असल्याच इंजिनावर उभा आहे आणि तो टंकता टंकता शोधतो, जे नॉमिनाटिम करत नाही. पोस्टग्रेसमध्ये हे सगळं हाताने विणावं लागेल. होईल, पण सहा महिन्यांनी तुमच्याकडे एक अर्धवट इलॅस्टिकसर्च असेल आणि तो फक्त तुम्हाला समजेल.

ऋचा_को
@रबर_बँड, मुद्दा बरोबर आहे, जागा चुकली. तुमच्या कंपनीत ते सर्व्हर सांभाळायला माणसं आहेत. इथे एक जुना संगणक आणि शनिवारी येणारा एक स्वयंसेवक. डेटा पोस्टग्रेसमध्ये आणि शोध दुसरीकडे असं केलं की दोन्हीकडचं जुळवत बसायचं. काकूंनी सकाळी "तीन टाकी" हे नाव घातलं तर पुढच्याच फोनला सापडायला हवं. एकाच डेटाबेसात ते आपसूक होतं.

शिवाय त्यांना नुसतं ठिकाण नकोय, ते टेम्पोच्या कुठल्या फेरीत येतं ते हवंय. फेरीचा पॉलिगॉन (नकाशावरची बंद आकृती) त्याच डेटाबेसात, व्हीलचेअर शिल्लक आहे का तेही तिथेच. एका क्वेरीत तिन्ही उत्तरं. ठाणे-नवी मुंबईची नावं म्हणजे काही हजारांचा मामला, शोध वेगवान करणारा इंडेक्स विसरलात तरी चालेल एवढा.

बाष्कळ
अर्धवट इलॅस्टिक म्हणजे नाडीच ना?

टपालवाला
मी टपाल खात्यातून निवृत्त. बरीच वर्षं याच पट्ट्यात सॉर्टिंग केलं आहे. दोन गोष्टी सांगतो.

पिनकोडवर फार भिस्त ठेवू नका. पिन १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि तो वाटपाच्या सोयीने आखलेला आहे, गावाच्या किंवा पालिकेच्या हद्दीने नव्हे. वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, ऐरोली ४००७०८, कोपरखैरणे ४००७०९. इथपर्यंत छान ओळीने. मग सीबीडी बेलापूर येतं ४००६१४, ठाण्याच्या घरातलं. आणि खारघर ४१०२१०, एकदम पनवेलच्या घरात. कोणी पिन सांगितलाच तर तो गुण वाढवायला वापरा, गाळायला वापरू नका. लोक जुन्या घराचा पिन नव्या घराला लावतात.

दुसरी गोष्ट सेक्टरची. नवी मुंबईत सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये एकपासून सुरू होतात. "सेक्टर १०" एकट्याने काहीच सांगत नाही. वाशीत तर ९ बरोबर ९अ, १० बरोबर १०अ. आणि लोक आकडे दोन्ही लिप्यांत लिहितात.

सेक्टर४८
टपालवाला काकांच्या मुद्द्याला जोडून. आम्ही राहतो सीवूड्सला. लाइट बिलावर नेरूळ, रिक्षावाल्याला सीवूड्स, स्थानकाच्या पाटीवर सीवूड्स-दारावे. सिडकोच्या हिशेबात हे नेरूळच आहे. तेव्हा "सीवूड्स सेक्टर ४८" आणि "नेरूळ सेक्टर ४८" दोन्ही टाकले तर एकच ठिपका पडला पाहिजे. सेक्टर हा नेरूळच्या पोटात एवढंच लिहून ठेवलंत तर सीवूड्सवाले उपाशी राहतील.

ऋचा_को
@सेक्टर४८, म्हणूनच "कोणाच्या पोटात" हा नुसता रकाना न ठेवता त्याचंही वेगळं टेबल करा. एका सेक्टरला दोन पालक चालतात. एक अधिकृत, एक बोलण्यातला.

आणि गावठाणं विसरू नका. सिडकोने शहर वसवलं ते जुन्या ९५ गावांच्या जमिनीवर, त्यामुळे सेक्टरच्या मधोमध गाव आहेच. वाशीगाव, जुहूगाव, घणसोली गाव. सेक्टरच्या पॉलिगॉनला तिथे भोक असतं. ठिपका "सेक्टरमध्ये आहे का" असं विचारलं की गावातल्या घराला उत्तर मिळतं "नाही". भोक असू द्या, पण गावठाणाचा वेगळा पॉलिगॉन हवाच.

यावरून आठवलं: आकृतीवर ठिपका ठेवताना सेंट्रॉइड, म्हणजे आकृतीचा मध्यबिंदू, घेऊ नका. आकृती वाकडी किंवा भोकाची असली की सेंट्रॉइड आकृतीच्या बाहेर पडू शकतो. पॉइंट-ऑन-सरफेस घ्या, तो नेहमी आतच असतो. घोडबंदर रोडला मात्र दोन्हींचा उपयोग नाही. इतक्या लांब रस्त्यावर एक ठिपका म्हणजे थट्टाच. तिथे ठिपक्याऐवजी "घोडबंदर रोडवर कुठे? मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली?" असं उलट विचारणारा पडदा द्या.

गवतीचहा
मानपाडा म्हणालात खरं, पण मानपाडा डोंबिवलीलाही आहे. नणंदेचं पार्सल एकदा घोडबंदरचं तिकडे गेलं होतं.

बाष्कळ
कोपरी ठाणे पूर्वेला. कोपरी गाव वाशीला. कोपर डोंबिवलीच्या अलीकडे. कोपरखैरणे आहेच. काकूंनी "कोपर" टंकलं की चौघं एकदम हात वर करणार.

पारसिकचा_बोगदा
दिवा स्थानक आणि ऐरोलीचं दिवा गाव राहिलं. आणि वाशी तालुका धाराशिव जिल्ह्यातही आहे, बेलापूर श्रीरामपूरजवळही आहे. महाराष्ट्राचा सगळा डेटा भरलात तर व्हीलचेअर घेऊन मराठवाड्यात जाल.

अर्धविराम
सगळे स्पेलिंगवर बोलताहेत, मराठीवर कोणीच नाही! धागाकर्त्याने दिलेलं पहिलंच उदाहरण बघा: "कोपरखैरण्याला". माणूस नाव सांगत नाही, नावाचं सामान्यरूप सांगतो. कोपरखैरणे डेटाबेसात, कोपरखैरण्या- तोंडात. ठाणे, ठाण्यात. कळवा, कळव्याला. मुंब्रा, मुंब्र्याहून. माजिवडा, माजिवड्यात. वाशी, नेरूळ, घणसोली सरळ आहेत, तिथे मूळ शब्द बदलत नाही. एकारान्त आणि आकारान्त नावांचं काय?

पोस्टग्रेसच्या फुल-टेक्स्ट शोधात हिंदी, नेपाळी, तमिळ यांचे स्टेमर, म्हणजे प्रत्यय सोलून मूळ शब्द काढणारे नियम, आहेत. मराठीचा नाही. मग हाताने करावं लागतं आणि तिथे गंमत आहे. सरळसोट नियम लावला, शेवटचा "त" काढा, "ला" काढा, "हून" काढा, तर "ठाण्यात"चं "ठाण्या" होतं. छान. पण "कर्जत"चं "कर्ज" होतं, "कोलशेत"चं "कोलशे" आणि "कुर्ला"चं नुसतं "कुर्". शब्द आहे तसा आधी शोधा. सापडला तर प्रत्ययाला हातच लावू नका. नाही सापडला तरच सोला.

त्याहून सोपं, उलट्या दिशेने जा. शोधणाऱ्याचा शब्द सोलण्यापेक्षा नावांच्या टेबलातच सामान्यरूप भरून ठेवा. "े" किंवा "ा" ने संपणाऱ्या नावाला "्या" लावलेली एक जास्तीची ओळ. ऋचाताईंच्या दोन टेबलांत ती आरामात बसते. मग "कोपरखैरण्या" पर्यंत जुळलं की पुढे "ला" असो, "त" असो, "च्या पुढे" असो, फरक पडत नाही.

ऋचा_को
@अर्धविराम, हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. आमच्याकडे सगळे इंग्रजीत टंकतात. चोरते.

रबर_बँड
अर्धविराम यांचा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. कबूल करतो, इलॅस्टिकसर्चमध्येही हिंदी-बंगालीचे अ‍ॅनालायझर आहेत, मराठीचा नाही. या बाबतीत दोघेही सारखेच.

पण उच्चारावरून शोध? साउंडेक्स पोस्टग्रेसमध्ये आहे म्हणे. इंग्रजीत टंकणाऱ्यांना तरी ते पुरेल?

अर्धविराम
साउंडेक्सचं पेटंट १९१८ चं, अमेरिकेतलं, आणि तिथल्या आडनावांसाठी. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर टाकायचे, व्यंजनांना आकडे द्यायचे. रोमन लिपीतली वाशी आणि वसई दोन्ही व्ही-२००. ठाणे, ठाणा आणि गोऱ्यांचं टॅन्ना, तिन्ही टी-५००, इथवर बरं वाटतं. पण टॉमसुद्धा टी-५००. देवनागरीवर तर ते चालतच नाही. पोस्टग्रेसच्या कागदपत्रांतच लिहिलंय की यूटीएफ-८ सारख्या एन्कोडिंगवर ते नीट काम करत नाही.

आपला नियम आपणच लिहायचा. ळ चा ल, ण चा न, ष चा श, दीर्घ वेलांटी ऱ्हस्व, अनुस्वार आणि त्याच्या जागचा अर्धा न-म एकच, मधल्या मोकळ्या जागा आणि जोडरेघा गायब. रोमन लिपीतलं नावही याच साच्यातून काढायचं. स्वर मात्र पूर्ण टाकू नका. ठाण्यातलं राबोडी आणि नवी मुंबईतलं राबाडा, स्वर काढले की दोन्हींचं "रबड" होतं.

बाष्कळ
रबर_बँड आणि रबड. इलॅस्टिकवाल्यांचं गाव सापडलं.

सेक्टर४८
राबाडा की रबाळे? स्थानकावर रबाळे आहे.

टपालवाला
दोन्ही लिहितात. पत्रं दोन्हींवर यायची.

पारसिकचा_बोगदा
एक तांत्रिक भर. डोळ्यांना दोन शब्द एकसारखे दिसतात, संगणकाला नाही. "वाऱ्यावर" मधला अर्धा र दोन-तीन प्रकारे टंकता येतो. कुठे थेट ऱ, कुठे र खाली नुक्ता (टिंब), कुठे र नंतर हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हा न दिसणारा जोडवर्ण. युनिकोडचं एनएफसी हे ठरावीक रूप केलं की र अधिक नुक्ता जुळून ऱ होतो. पण ड खाली नुक्ता असलेलं अक्षर उलट सुटं होतं, कारण ते जोडायच्या यादीतून वगळलेलं आहे. म्हणून साचा चालवण्याआधी एनएफसी करा, झेडडब्ल्यूजे नि नुक्ते काढून टाका, आणि ऱ चाही र करा. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १३ पासून त्यासाठी नॉर्मलाइझ फंक्शन आहे.

आता नकाशाच्या बाजूचं. ठिपका बनवणाऱ्या मेकपॉइंट फंक्शनला आधी रेखांश, मग अक्षांश द्यायचा. बोलताना आपण उलट म्हणतो म्हणून हात तसाच जातो. ठाणे साधारण १९.२ उत्तर, ७२.९७ पूर्व. उलटं भरलंत तर नॉर्वे आणि बेअर आयलंड यांच्या मधल्या समुद्रात. तलावपाळी तिथे गोठलेली असेल.

दुसरं: ४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीतल्या आकृत्यांचं माप अंशांत असतं. "इतक्या अंतरात आहे का" ते बघणाऱ्या डीविदिनला ५०० दिलंत तर ते ५०० मीटर होत नाहीत, ५०० अंश होतात, म्हणजे अख्खी पृथ्वी जवळच. मीटर हवे असतील तर जिऑग्राफी प्रकार वापरा, किंवा ३२६४३ मध्ये रूपांतर करा. हा आपला यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर पट्टा, ७२ ते ७८ पूर्व, ठाणे त्याच्या डाव्या कडेला बसतं.

आणि "सर्वात जवळचं" म्हणजे सरळ रेषेतलं जवळचं. नेरूळच्या काठावरून ट्रॉम्बे समोर दिसतं, टेम्पोला मात्र वाशी पुलाला वळसा. ठिपका शोधायला सरळ रेषा ठीक, फेरी ठरवायला नको.

गवतीचहा
मला निम्मं कळलं नाही पण मजा येतेय. एक सामान्य माणसाची शंका. "मामलेदार" टाकलं तर काय येणार? ऑफिस की मिसळ?

निवांत
मिसळ!!!

सेक्टर४८
मिसळच. तहसील कार्यालयात जायचं असेल तर लोक "मिसळीच्या समोर" म्हणतात.

बाष्कळ
तर्रीसह की शिवाय, तोही रकाना ठेवा.

टपालवाला
तिखट झेपत नसेल तर सांगून घ्यावी.

(इथे मिसळीवरचे प्रतिसाद वाढत चालल्याने त्यांच्यासाठी वेगळा धागा काढला आहे. कृपया तिथे लिहा. – व्यवस्थापक)

ऋचा_को
मिसळीचा प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. क्रम लावणं हेच या इंजिनाचं निम्मं काम. नॉमिनाटिम महत्त्व ठरवताना त्या ठिकाणावर विकिपीडियाचा लेख आहे का, त्याचे दुवे किती, हे बघतो. तीन टाकीवर कोण लेख लिहिणार? तुमच्याकडे त्याहून चांगलं माप आहे: तुमच्याच जुन्या डिलिव्हरी. ज्या ठिकाणी टेम्पो जास्त वेळा गेला त्याला जास्त वजन. त्यात नावाचं साम्य मिसळा, आणि अर्धवट पत्त्यात दुसरं काही नाव आलं असेल तर त्याच्यापासूनचं अंतर. "सेक्टर १०" च्या आधी फोनवर "जुईनगर स्टेशन" ऐकू आलं असेल तर वाशी-खारघरचे सेक्टर आपोआप खाली जातात.

हे तिन्ही गुण एका इंडेक्सने मिळत नाहीत, तो प्रयत्नच करू नका. आधी नावावरून शे-दीडशे उमेदवार काढा, मग त्यांनाच गुण देऊन क्रम लावा. ट्रायग्रॅमसाठी जिन इंडेक्स लावलात तर गाळणं झपाट्याने होतं, पण साम्याच्या क्रमाने तो देत नाही. तो क्रम इंडेक्समधूनच हवा असेल तर जिस्ट. तुमच्या आकाराला दोन्ही चालतील.

आणि बरोबरी झाली तर एकच उत्तर देऊ नका. तीन दाखवा, प्रत्येकाखाली ते कुठलं ते लिहा: "कोपरी, ठाणे पूर्व", "कोपरी गाव, वाशी". काकू फोनवर विचारतील.

निवांत
ती १४ गावं कुठल्या पॉलिगॉनमध्ये टाकणार? आधी नवी मुंबई पालिकेत, मग बाहेर, मग परत आत. हीहीही.

पारसिकचा_बोगदा
@निवांत, चेष्टा बाजूला, प्रश्न खरा आहे. हद्दीच्या टेबलात "केव्हापासून" आणि "केव्हापर्यंत" असे दोन रकाने ठेवायचे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, पनवेल महापालिका २०१६ मध्ये आली. जुन्या कागदावर "वसई, जि. ठाणे" असतंच. जुनी ओळ पुसायची नाही, तिची मुदत संपवायची. नावांचंही तसंच. दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, त्याआधी उतरवलेल्या डेटात ते नसणार.

टेम्पोला मात्र पालिका कुठली याच्याशी काही देणंघेणं नाही. फेऱ्यांचे पॉलिगॉन स्वतःचे काढा.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर गायब होतो ते हेच करत होतो. आत्तापर्यंत जे उभं राहिलंय ते सांगतो.

दोन टेबलं केली. ओपनस्ट्रीटमॅपमधून नोड, सेक्टर, स्थानकं, रस्ते आले. मराठी नावाचा टॅग मोठ्या ठिकाणांना आहे, नाक्यांना क्वचित. नाके, टाक्या, बंद पडलेल्या टॉकीजा, कंपनी गेली तरी उरलेली नावं, हे सगळं काका-काकू स्वतः भरताहेत. नकाशावर बोट ठेवायचं आणि नाव टंकायचं. यात त्यांना भलताच रस आला आहे. कोण जास्त नावं घालतो यावर चहा लागतो. एका काकांनी वागळे इस्टेटचे सगळे रोड नंबर तोंडपाठ भरले.

अर्धविराम यांचं सामान्यरूप लगेच लागू पडलं, फरक डोळ्यांत भरतो. "जवळ, पाशी, समोर, मागे, अलीकडे" हे शब्द वेगळे काढून आधीचा भाग ठिकाण म्हणून शोधतो. "अलीकडे" म्हणजे कुठल्या बाजूने अलीकडे, ते अजून सुटलं नाही.

इलॅस्टिकसर्च नाही घेतलं. रबर_बँड, राग नसावा.

रबर_बँड
राग कसला. नावं माणसं हाताने भरताहेत आणि उत्तर लगेच दिसायला हवं, तर एकच डेटाबेस बरा. एवढंच सांगतो: उद्या दुसऱ्या शहरातल्या केंद्रांनी मागितलं आणि अख्खं राज्य एका खिडकीत आणायची वेळ आली, तर टंकता टंकता येणाऱ्या सूचनांचा वेग मोजा आणि मग ठरवा. आत्ता त्यासाठी बी-ट्री इंडेक्स पुरेल, फक्त त्याला टेक्स्ट-पॅटर्न-ऑप्स हा पर्याय लावा. "सी" सोडून दुसऱ्या लोकेलवर त्याशिवाय "वा" ने सुरू होणारी नावं इंडेक्समधून येत नाहीत.

टपालवाला
"अलीकडे" चं उत्तर सोपं आहे. बोलणारा नेहमी स्टेशनाकडून येणाऱ्याच्या नजरेने बोलतो. वाशीत वाशी स्टेशनाकडून, नौपाड्यात ठाणे स्टेशनाकडून. घोडबंदरवर ठाण्याच्या बाजूने.

गवतीचहा
काका, उलव्यात काय करायचं? तिथले निम्मे लोक गाडीने बेलापूरकडून येतात.

टपालवाला
उलव्याला मी नव्हतो. माझ्या वेळी तिथे गावंच होती.

ऋचा_को
@खाडीकाठ, आणखी एक टेबल करा, तिसरं. काही टंकलं आणि काहीच सापडलं नाही, किंवा सापडलेल्यातलं कुणी निवडलंच नाही, तर ते शब्द तसेच तिथे साठवायचे. जोडीला, त्या फोनचा टेम्पो शेवटी कुठे गेला तो ठिपका. दर शनिवारी ती यादी बघायची. एकाच ठिपक्याच्या आसपास तोच अनोळखी शब्द पुन्हा पुन्हा आला की ते नाव आहे असं समजा आणि नावांच्या टेबलात घाला. पोस्टजीआयएसमध्ये डीबीस्कॅन आहे, अंतर आणि किमान संख्या दिली की असे घोळके तो स्वतः काढून देतो.

ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरताय, तर पडद्यावर त्यांचा श्रेयनिर्देश ठेवा, ती परवान्याची अट आहे. आणि काकूंनी भरलेले नाके तिथेही चढवा. फक्त विकतच्या नकाशावरून बघून भरलेलं काही त्यात नको.

खाडीकाठ
तिसरं टेबल आज रात्रीच करतो. श्रेय आहे, खाली उजव्या कोपऱ्यात. चढवायचं कसं ते काकांना शिकवायला कुणी शनिवारी नौपाड्यात येईल का?

पारसिकचा_बोगदा
मी येतो. अकराला चालेल? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बाष्कळ
पत्ता कशाला, शोधून या की.

खाडीकाठ
@पारसिकचा_बोगदा, केला व्यनि. अकरा चालेल, पण लॅपटॉप आणा. आमच्या संगणकावर त्या वेळी फोनच्या नोंदी चालू असतात.